दहातली तीन रोपं

इंदिरानगर, नाशिक
१८ नोव्हेंबर २०२४

मामा, नमस्कार.

तुमच्या शेतातून आलेल्या सोयाबीनच्या बियाण्यात दर दहा दाण्यांमागे तीन दाणे जुन्या वाणाचे निघाले. आधी माझ्या हाताखालच्या मनालीने आमच्या प्रयोगशाळेत तपासलं, मग मी बाहेरच्या एका प्रयोगशाळेकडून खात्री करून घेतली. त्यांचं उत्तर आज दुपारी आलं. दोन्हीकडे तेच.

फोन करायचा तर तुम्हाला खिंडीत येऊन उभं राहावं लागतं, आणि तिथल्या वाऱ्यात तुम्हाला माझं निम्मं ऐकू येत नाही. म्हणून नेहमीसारखं पत्र.

मामी विचारेल, तीन दाण्यांनी काय बिघडलं. तिला सांगा, सोयाबीनच्या दाण्यात एक पदार्थ असतो. पोटातला जो रस प्रथिनं पचवतो, त्याला तो अडवतो. दाणा बराच वेळ शिजवला की त्याचा जोर जातो, पण तुमच्याकडे सरपण किती लांबून आणावं लागतं ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. म्हणून भाजीच्या सोयाबीनचं असं वाण हवं होतं, की हिरव्या शेंगा थोडक्यात उकडल्या तरी पोरांच्या अंगी लागतील. परक्या एका वाणात तो पदार्थ मुळात तयारच होत नाही. त्याचा तेवढा एक गुण आपल्या गोड, टपोऱ्या वाणात आणायला सहा वर्षं गेली. संकर करायचा, आलेल्या रोपांचा पुन्हा आपल्या वाणाशी संकर करायचा, आणि दर पिढीत कोणत्या रोपात तो गुण उतरला ते पानाच्या तुकड्यावरून ओळखायचं. जनुकाजवळ एक खूण असते, तिला आम्ही मार्कर म्हणतो. डोळ्यांना नवं आणि जुनं रोप एकसारखंच दिसतं. फरक सांगतो तो फक्त मार्कर.

शेजारच्या फुलांचे पराग उडून आले असते तर दाण्यात निम्मं नवं, निम्मं जुनं असं सापडलं असतं. हे तीन दाणे पुरते जुने आहेत. म्हणजे बीच मिसळलेलं होतं. गेल्या वर्षी तुमच्याकडे जुनं वाण लावलं होतं, ते बी तुम्ही मला परत पाठवलंत. त्याचा डबा आणि नव्याचा डबा आमच्या एकाच कपाटात असतो. तुमचं पाकीट मे महिन्यात मनालीने भरलं. ती म्हणते, माझ्या हातून झालेलं नाही.

मी तिला अजून दोष दिलेला नाही. आधी मला दोन गोष्टी कळवा. पाकीट पोचलं तेव्हा त्याचं सील शाबूत होतं का? आणि शेजारीपाजारी कोणी सोयाबीन पेरलं होतं का?

मामीला नमस्कार. तिची छाती अजून कफाने भरते का?

तुमची संध्या

*

उंबरपाडा, ता. पेठ
२७ नोव्हेंबर २०२४

चि. संध्यास आशीर्वाद.

तुझं पत्र चांगुणाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरगी पानाला इचारती न् पान तिला खरं सांगतं. मला सख्खी जाऊ धड सांगत नाय." तिला वाईट वाटलं आहे. एवढी राखण केली, माकडं हाकलली, आणि बी वाया गेलं.

वाया नाही गेलं, असं मी तिला म्हटलं. तू तसं कळव.

पाकिटाचं सील जसंच्या तसं होतं. मृग लागल्यावर तुझ्या मामीने माझ्यासमोर विळीने कापलं. आसपास सोयाबीन कोणी पेरत नाही. वर पुंजाची नागली, खाली आमचा भात. बी मात्र भरपूर होतं. तू चार ओळींची पेरणी होईल असं लिहिलं होतंस, पुरलं साडेपाच ओळींना. आम्ही म्हटलं, भाचीचा हात सढळ आहे.

ती मनाली पगारे श्रावणात रोगाच्या तपासणीसाठी पानं न्यायला आली होती तेव्हा पावसाने अडकली. रात्री इथेच राहिली. चांगुणाने नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं वाढलं. पोरीने आधी पानांचे तुकडे बर्फाच्या डब्यात लावले, नावं दोनदा पडताळली, मगच ताटावर बसली. भाकरी गार झाली म्हणून चांगुणा तिच्यावर रागावली, आणि मागून मला म्हणाली, "कामात असली का मान वर करीत नाय. आपली संध्या बी अशीच व्हती."

तेव्हा विचारायचं ते विचार, पण तिच्यावर आवाज चढवू नकोस.

चांगुणाचा खोकला आहे तसाच आहे. दवाखान्यात चल म्हटलं की तिला शेळ्या आठवतात.

सहादू भोये

*

इंदिरानगर
१६ डिसेंबर २०२४

मामा, नमस्कार.

तुमच्या पत्राने प्रश्न मिटला. त्यातल्या साडेपाच ओळींनी. पाकिटावर पाव किलो लिहिलेलं होतं, आणि पाव किलोत चार ओळींच्या वर पेरणी होत नाही. म्हणजे पाकिटात जास्त बी होतं, आणि ते जास्तीचं दुसऱ्या डब्यातलं होतं.

सोमवारच्या बैठकीत मी मनालीला हेच विचारलं. म्हणाली, "मॅडम, मी तराजूवर पाव किलोच मोजलं." मी म्हटलं, "मग वरची दीड ओळ कुठून आली?" म्हणाली, "माहीत नाही. पण मी घातली नाही." संचालक म्हणाले, वाण राज्याच्या चाचणीला जायचं होतं, ते एक हंगाम मागे पडलं, आणि माहीत नाही हे काही उत्तर नव्हे. सगळे खाली बघत होते. मीही.

तिचा करार डिसेंबरअखेर संपतो. तो वाढवलेला नाही. मी आवाज चढवला नाही, मामा. तुम्ही सांगितलेलं लक्षात होतं. तिच्या दाखल्यावर बियाणं हाताळण्यात निष्काळजीपणा असं लिहावं लागलं, कारण प्रकल्पाला पैसे देणाऱ्यांना कारण द्यायचं होतं. सही माझी आहे.

ती कबूल झाली असती तर मी एवढं होऊ दिलं नसतं. चूक कोणाकडूनही होते. तोंडावर नाकारलं, त्याचा मला राग आला.

मूळ डब्यात थोडं शुद्ध बी शिल्लक आहे. ते उन्हाळ्यात वाढवून जूनमध्ये तुम्हाला पाठवते. मामीला सांगा, काही वाया गेलेलं नाही. आणि शेळ्या पुंजाकडे सोपवून तिला इकडे घेऊन या. मी डॉक्टरांची वेळ घेते.

संध्या

*

इंदिरानगर
२८ मे २०२५

मामा, नमस्कार.

पाकीट सोबत आहे. या वेळी मी स्वतः भरलं.

फेब्रुवारीत मामीच्या दहाव्याला आले तेव्हा दोनच तास थांबले, संध्याकाळी परत निघाले. मामी दोन महिने अंथरुणाला होती आणि मी एकदाही आले नाही. वेळ घेते म्हणून लिहिलं, ती घेतलीही, पण तुम्ही येत नाही म्हटल्यावर गाडी घेऊन न्यायला यायला हवं होतं, ते सुचलं नाही. खरं म्हणजे सुचलं होतं. त्या आठवड्यात अहवाल होता.

परवा देवळाली कॅम्पला गेले होते. बाजारात मनाली दिसली. फौजींचे गणवेश शिवून देणारं एक दुकान आहे, तिथे काउंटरवर बसते. तिने मला पाहिलं आणि गिऱ्हाइकाशी बोलत राहिली. कळलं ते असं, की तिने दोन-तीन प्रयोगशाळांत अर्ज केले होते. दाखला पाहून कोणी घेतलं नाही.

पेरणी आता तुम्हाला एकट्याने करायची आहे. जमणार नसेल तर मोकळेपणाने कळवा, मी दुसरी सोय करते.

संध्या

*

उंबरपाडा
११ जून २०२५

चि. संध्यास आशीर्वाद.

पाकीट मिळालं. दुसरी सोय कशाला? नांगर पुंजा धरतो, बी मी टाकतो. एकटा असलो तरी हात चालतात.

एक विचारायचं होतं. आजवर या घरात पेरणी चांगुणानेच केली. ती तिच्या माहेरची रीत पाळायची, मी कधी लक्ष घातलं नाही. नवं बी ती एकटं टाकत नसे. "नवं बी येकलं नाय टाकायचं, त्याला जुन्याची सोबत लागती. ही माती त्याच्या वळखीची नाय," असं म्हणायची. दर पिकाचं थोडं बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायची आणि पुढच्या साली त्यातलं ओंजळभर नव्यात मिसळायची. भाताचं तसं, नागलीचं तसं. तुझ्या सोयाबीनचंही तिने मागल्या साली तसंच केलं. आदल्या वर्षीचं बी तुला परत पाठवायच्या आधी तिने गाडगं भरून ठेवलंच होतं. तुझं पाकीट कापलं, सुपात ओतलं, वर गाडग्यातली ओंजळ, आणि हात जोडले. म्हणाली, संध्याचं बी हाय, नीट रुजू दे.

आता ते माझ्या हातून व्हावं की नाही, कळत नाही. बायकांची रीत, मी केली तर चालेल का? गाडगं आहे. अर्धं भरलेलं आहे. झाकण काढलं आणि पुन्हा लावलं. तू म्हणशील तसं करतो.

पाऊस अजून धरलेला नाही. घाई नाही.

सहादू भोये

*

इंदिरानगर
१७ जून २०२५

मामा, नमस्कार.

या वेळी बी एकटंच टाका. ओंजळ मिसळू नका. आमच्या कामाला ते चालत नाही, मी आधीच सांगायला हवं होतं, राहून गेलं.

गाडग्यातलं थोडं सोयाबीन कागदात बांधून या पत्राचं उत्तर येईल त्या एसटीबरोबर पाठवा. किती उगवतं ते पाहायचं आहे. बाकी काही नाही.

मामीची रीत पाळली नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका.

संध्या

*

इंदिरानगर
३० जून २०२५

प्रिय मनाली,

तू पाकिटात भरलंस ते बी शुद्ध होतं. काल माझ्या हाताने तपासून खात्री केली.

मामींनी पेरताना स्वतःजवळचं ओंजळभर जुनं बी त्यात मिसळलं होतं. त्यांच्या घरची रीत होती. मामांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही, आणि मी सील आणि शेजार एवढंच विचारलं. घरात काय झालं ते विचारायचं मला सुचलंच नाही. त्या गाडग्यातलं बी मागवून मी मार्कर लावून पाहिला. सगळं जुन्या वाणाचं आहे. पाव किलोत ओंजळभर, म्हणजे दहात तीन. दीड ओळ तिथून आली.

तुझे मार्कर बरोबर होते, तुझा तराजू बरोबर होता, आणि तुझं उत्तरही. माहीत नाही, पण मी घातली नाही. याहून खरं उत्तर तुझ्याकडे असूच शकत नव्हतं.

मामी फेब्रुवारीत गेल्या. तू त्यांच्याकडे राहिली होतीस म्हणून कळवते.

ऑगस्टपासून एक जागा रिकामी होते आहे. मी संचालकांशी बोलून तुला परत घेऊ शकेन असं वाटतं. दाखलाही नवा देता येईल, कारण सांगत बसायची गरज पडणार नाही. मामांना यातलं काही माहीत नाही. त्यांना नुकतंच दुःख झालं आहे, म्हणून त्यांच्यापर्यंत न जाता हे आटोपावं असं मला वाटतं. समजून घेशील.

मला माफ कर.

संध्या गावित

*

देवळाली कॅम्प
६ जुलै २०२५

संध्या मॅडम, नमस्कार.

पत्र मिळालं. आईने वाचलं आणि रडली. मी रडले नाही, दुकानात जायचं होतं.

मामी गेल्याचं वाचून वाईट वाटलं. त्या रात्री त्यांनी मला त्यांची गोधडी दिली आणि स्वतः पोत्यावर झोपल्या. सकाळी मी ते पाहिलं. त्यांनी मुद्दाम काही केलं नाही, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही.

जागेबद्दल नंतर बोलू. तुम्ही मला पत्रातून सांगितलंत की माझी चूक नव्हती. मॅडम, चूक माझी आहे हे तुम्ही पत्रातून सांगितलं नव्हतं. बैठकीत सांगितलं होतं, अकरा जणांसमोर. त्यातले चौघे या बाजारात येतात. एक जण वर्दीची मापं द्यायला त्याच्या भावाबरोबर आला होता, तो मला म्हणाला, "इथे नीट मोज हां." मी मोजलं. माझ्या बाबांनी पंचवीस वर्षं या कॅम्पात स्टोअरमध्ये नोकरी केली, एक खिळा इकडचा तिकडे झाला नाही. त्यांना आता लोक विचारतात, पोरीचं काय झालं होतं.

नवा दाखला कारण न सांगता दिला तर जुना खरा होता असंच लोक समजतील. ज्या खोलीत म्हणालात त्याच खोलीत म्हणा, आणि ते लिहून घ्या.

आणि मामांना न सांगता ते कसं होणार? संचालक पहिलंच विचारतील, हे कोण सांगतंय. तुम्ही म्हणाल, मी सांगते. मग तेही माझ्या तेव्हाच्या 'मी घातली नाही'सारखंच, पुराव्याशिवायचं झालं.

मामींचं नाव खराब व्हावं असं मला वाटत नाही. पण माझंही नाव आहे.

मनाली पगारे

*

इंदिरानगर
९ जुलै २०२५

मामा,

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. सरळ लिहिते.

मागल्या वर्षीचं बी मनालीच्या हातून मिसळलं नव्हतं. मामीची ती ओंजळ. तुम्ही गाडग्यातलं पाठवलंत ते मी उगवण पाहायला मागवलं नव्हतं, तपासायला मागवलं होतं. तुमच्याशी खोटं बोलले. मामी गेल्यावर तुमच्याकडे तिच्या आठवणींशिवाय काही उरलेलं नाही, आणि त्यातली ही एक मी खराब करणार, म्हणून धीर होत नव्हता.

मामीची यात चूक नाही. तिला ते एकटं रुजणार नाही असं वाटलं. मी सहा वर्षं जे वेगळं काढत होते, ते तिने मायेने एकत्र केलं. ओंजळ मिसळू नका, असं एक वाक्य मी पाकिटावर लिहिलं असतं तर पुरलं असतं. मामी कशी पेरते हे मी लहानपणी दर सुट्टीत पाहिलं आहे, मामा. शेजारी बसून पाहिलं आहे. शिकून आले आणि तेवढंच विसरले.

मनालीला सगळं कळवलं आहे. तिचं म्हणणं, बैठकीत सांगा आणि लिहून घ्या. तिचं बरोबर आहे. संचालकांनी सोमवारी, एकवीस तारखेला, दुपारी बाराची वेळ दिली आहे. त्यांना शेतावरच्या माणसाचं म्हणणं हवं आहे. तुम्ही चार ओळी लिहून सही करून पाठवल्यात तरी चालेल. मामीचं नाव लिहू नका. पेरताना घरचं बी मिसळलं गेलं, एवढंच लिहा.

तुम्ही रागावला असाल तर तसं लिहा. न लिहिता गप्प राहू नका.

संध्या

*

उंबरपाडा
१६ जुलै २०२५

चि. संध्यास आशीर्वाद.

रागावलो आहे. लिही म्हणालीस म्हणून लिहितो. चांगुणाचा राग नाही आला. तू तीन आठवडे मला उगवण सांगितलीस त्याचा आला. मी रोज त्या कागदाची वाट पाहत होतो, की तिचं बी किती उगवलं.

आता माझं ऐक. डिसेंबरात तुझं पत्र आलं ते मी चांगुणाला पूर्ण वाचून दाखवलं नाही. पोरीला काढलं हे गाळलं. ती आजारी होती. पण तिला ती पोरगी आठवायची. माघात, शेवटी शेवटी, तिने दोनदा विचारलं, "ती पानंवाली परत का नाय आली?" मी सांगितलं, तिला मोठ्या ठिकाणी नोकरी लागली. चांगुणा म्हणाली, "लागनारच." मी ते खरं वाचून दाखवलं असतं तर तिने विचारलं असतं, कशापायी काढली. मी साडेपाच ओळी म्हटलं असतं, आणि ती तिथल्या तिथे म्हणाली असती, अहो, ती तर माझी ओंजळ. संपलं असतं. तिच्या तोंडून एका वाक्यात मिटणारी गोष्ट तू आणि मी दोघांनी मिळून तिच्यापासून लपवली. तू तिला जपलंस, मी तिला जपलं. त्या पोरीला कोणी जपलं नाही.

चार ओळी लिहून पाठवणार नाही. मी येतो. तिचं नावही सांगणार. 'मिसळलं गेलं' असं मी अडतीस वर्षं शाळेत पोरांना लिहू दिलं नाही, कोणी केलं ते लिही म्हणायचो. माझ्या बायकोने मिसळलं, तिच्या रीतीने मिसळलं, आणि ती असती तर इथे उभी राहून तिनेच सांगितलं असतं, असं म्हणेन. यात तिचं नाव खराब कसं होतं ते मला कळत नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने निघतो. नाशिकला उतरून तुझ्याकडे येणार नाही, आधी कॅम्पात मनालीच्या घरी जाईन. हे पत्र घेऊन येणाऱ्याबरोबरच पत्ता पाठव. तिचे वडील दारात उभं करतील की आत घेतील, ते त्यांच्यावर. सोमवारी चल, एवढंच पोरीला सांगेन. नाही आली तरी मी बाराला हजर असेन. त्या अकरा जणांना बोलावून ठेव. मला कमी ऐकू येतं, तेव्हा संचालकांना म्हणावं मोठ्याने विचारा. माझं बोलून होईपर्यंत तू मध्ये बोलू नकोस.

ते त्याच दिवशी लिहून देतात का पाहू. नाही दिलं तर मंगळवारी परत जाऊ. पुंजाला शेळ्या बुधवारपर्यंत सांभाळायला सांगितल्या आहेत, आणि लागलं तर त्यापुढेही.

सहादू भोये